नायगावच्या डोंगरात रुखवत

वाघाच्या जंगलाचं बुकिंग मिळालं नाही, म्हणून आम्ही बीडची वाट धरली. खरं तर मीच धरली, ह्यांना चिपळूणच्या स्टँडवर ओढत न्यावं लागलं. वाघासाठी ह्यांनी नवी दुर्बीण घेतली होती आणि पालापाचोळ्याच्या रंगाचा शर्ट शिवून घेतला होता. शिवला मीच, शिवणाचं दुकान माझंच आहे. आता तोच शर्ट घालून पुण्यापर्यंत ते पुटपुटत होते, "मोर काय, मोर कुठेही दिसतात."

आम्हाला बोलावलं होतं मंगलने. ही माझी शाळेतली मैत्रीण, लग्न होऊन बीडजवळच्या नेकनूरला गेली आणि तिथलीच झाली. फोनवर म्हणाली होती, "वाघाचं काय घेऊन बसलीस? आमच्या डोंगरात मोरांचं अभयारण्य हाय. ये की!"

नेकनूरला उतरलो तेव्हा ऊन असं होतं की सावली शोधायला सावलीच जागेवर नव्हती. आमच्या कोकणातला एप्रिल घामाने भिजवतो, इथला भट्टीसारखा भाजून काढतो. मंगलने आधी माठातलं पाणी दिलं आणि मग येसराची आमटी (धान्यं आणि मसाले भाजून दळलेल्या पिठाची झणझणीत आमटी), ज्वारीची भाकरी आणि कांदा. पहिल्या घासाला ह्यांना उचकी लागली, दुसऱ्याला डोळ्यांत पाणी आलं, आणि तिसऱ्यानंतर त्यांनी वाटी पुढे केली. मोरांबद्दलचं त्यांचं मत तिथेच बदलायला लागलं असं माझं मत आहे.

दुसऱ्या दिवशी दुपार कलल्यावर मंगलने जीप काढली. ती स्वतः चालवते, आणि घाटातल्या वळणावर मागे वळून गप्पाही मारते. मी सीट घट्ट धरून बसले होते. मांजरसुंब्याचा घाट मागे पडला आणि बालाघाटचे डोंगर जवळ आले. पिवळं गवत, बाभळी, बोरी, पानं गळालेली सीताफळीची झुडपं. नायगावच्या अभयारण्यात शिरताच कुणीतरी जोरात ओरडलं.

"मांजर अडकलंय कुठेतरी!" हे म्हणाले.

मंगलने गाडी थांबवली आणि स्टिअरिंगवर डोकं टेकून हसत सुटली. "भाऊजी, त्यो मोर हाय!"

आणि खरंच, उतारावरून एक मोर निघाला. लांबलचक पिसारा जमिनीवरून ओढत, नवीन शालू सांभाळत चालणाऱ्या बाईसारखा. मी ह्यांचा दंड पकडला. हे दुर्बीण लावून म्हणत होते, "फार लांब आहे गं, टिपका दिसतोय नुसता." दुर्बीण उलटी धरली होती. मी सरळ करून दिली तोवर मोर झुडपात गेला, आणि आम्ही तिघंही एवढे हसलो की जवळपास असलेले बाकीचे मोरही गेले असावेत.

पुढच्या वळणावर मात्र रस्ता बंद होता. ओढ्यावरची मोरी (रस्त्याखालून पाणी जायचा लहान पूल) एका बाजूने खचली होती आणि पाण्याने भरलेल्या टँकरचं मागचं चाक त्यात रुतलं होतं. टँकर ओढ्याकडे कलला होता. पलीकडे एक टेम्पो, दोन जीपगाड्या आणि एक ट्रॅक्टर अडकून उभे. सगळं लग्नाचं वऱ्हाड! तलवाड्याहून नवरी घेऊन निघालेले, डोंगरापलीकडच्या गावी चाललेले. बँडवाले बाभळीखाली घाम पुसत बसले होते.

टँकरचे ड्रायव्हर गफूरभाई कपाळाला हात लावून उभे होते. त्यांच्यासमोर खाकी वर्दीतली एक तरुण वनरक्षक, रूपाली तिचं नाव, आणि तिच्याशी भांडत होते नवरदेवाचे काका.

"पानी सोड की बे!" काका गफूरभाईंवर ओरडले. "गाडी हलकी झाली की ट्रॅक्टरनं वढून काढू. नवरी उन्हात बसलीया!"

"खोटं न्हाई सांगत, काका," गफूरभाई म्हणाले. "भरल्या गाडीला हात लावला तर पलटी हुईल. खाली करावीच लागंल."

"इथं रस्त्यावर न्हाई," रूपाली म्हणाली. तिचा आवाज चढला होता, पण डोळे भरले होते. "त्या टेकाडामागं पाणवठा हाय. कोरडा पडलाय, त्याच्यासाठीच ह्यो टँकर. पाखरं पाण्यासाठी गावात उतरायलीत अन् कुत्री धरायलीत. सकाळीच एक लांडोर उचलून आणली मी. हे पाणी मातीत गेलं तर दुसरा टँकर कधी मिळंल, सांगता येत न्हाई."

"पाइप लाव मग!"

"पाइप तितका लांब न्हाई," गफूरभाई म्हणाले.

मी टेकाडाकडे पाहिलं. फार दूर नव्हतं, पण भांडं एकच होतं, गफूरभाईंची फुटकी बादली. काकांनी स्वतःच टँकरच्या तोटीला हात घातला. रूपाली आडवी आली.

"थांबा!"

हा आवाज टेम्पोतून आला. मुंडावळ्या अजून कपाळावर, हिरवा चुडा कोपरापर्यंत, अशी नवरी खाली उतरली. पूजा नाव तिचं. सगळे वळून बघायला लागले, कारण नव्या नवरीने एवढ्या लोकांत बोलायचं नसतं.

"आत्याबाई," ती सासूबाईंकडे बघून म्हणाली, "टेम्पोत माझं रुखवत हाय. हंडे, कळशा, घागरी, बादल्या. समदं नवं हाय. त्यातून नेऊ की पाणी."

एक बाई पुटपुटली, "उंबरा वलांडायच्या आधीच भांडी बाटवती व्हय?"

पूजाने मान खाली घातली, पण जागची हलली नाही. नवरदेव आईकडे पाहत राहिला. सासूबाईंनी टेम्पोकडे पाहिलं, रूपालीकडे पाहिलं. मग त्या माउलीने नऊवारीचा पदर कमरेला खोचला आणि आधी लेकालाच फटकारलं.

"बगत काय ऱ्हायलास? हंडे काढ!"

पुढचं कसं सांगू? टेम्पोतून भांडी निघतच राहिली. पितळी हंडा, स्टीलच्या कळशा, पातेली, परात. रस्त्यापासून टेकाडापर्यंत आमची रांग लागली: वऱ्हाडी, बँडवाले, मंगल, मी. ह्यांच्या वाट्याला प्रेशर कुकर आला. गळ्यात दुर्बीण, हातात कुकर, आणि झाकण कुठे ठेवायचं याची चिंता! गफूरभाई तोटी धरून उभे, आणि काका, मघाशी पाणी सोडायला निघालेले काका, आता थेंब सांडला तरी खेकसत होते. "नीट धर की! मोराचं पानी हाय ते!"

ताशेवाल्याचे हात शिवशिवत होते. त्याने काठ्या उचलल्या तशी रूपाली धावली. "वाजवू नगा! अन् वरडू पण नगा, पाखरं बिचकतील."

आता लग्नाचं वऱ्हाड आणि गप्प बसायचं! बायकांनी त्यावरही उपाय काढला. उखाणे घ्यायचे, पण कुजबुजत. घागर हातात आली की शेजारणीच्या कानात उखाणा, की घागर पुढे. रांगेच्या टोकापासून दाबलेलं हसू सरकत यायचं आणि माझ्यापर्यंत येऊन फुटायचं. मंगलने मला कोपराने ढोसलं. मी म्हटलं,

"नायगावच्या डोंगरात मोरांचा थाटमाट,
विनायकरावांचं नाव घेते, घागर आली, सोडा वाट!"

सासूबाई इतक्या हसल्या की त्यांच्या हातचा पितळी हंडा दगडावर आपटला आणि चांगला पोचा पडला. पूजाने तो पोचा पाहिला, ओठ दाबले आणि खुदकन हसली. मग कुणालाच आवरेना. रूपाली "हळू, हळू" म्हणत स्वतःच तोंडावर हात धरून हसत होती.

पाणवठ्याचा तळ आधी ओला झाला, मग पाणी चमकायला लागलं. टँकर हलका झाला. ट्रॅक्टरला दोर बांधला, काकांनी खांदा लावला, आणि चाक मोरीतून सुटलं. उरलेलं पाणी घेऊन गफूरभाई वळसा घालून दुसऱ्या पाणवठ्याकडे गेले. वऱ्हाडाची वाट मोकळी झाली, तरी कुणी गाडीत बसेना.

"पाच मिनिटं बसा," रूपाली म्हणाली. "पण श्वाससुद्धा हळू घ्या."

टेकाडाच्या आडोशाला सगळं वऱ्हाड पोटावर पालथं पडलं. शालू, फेटे, बँडवाल्यांचे लाल कोट, सगळे धुळीत. उन्हं उतरली. आधी दोन लांडोरी आल्या, थबकल्या, पाण्याशी गेल्या. मग तो आला. काठावर उभा राहून त्याने मान खाली घातली, घोट घेतला, मान वर करून गिळला. निळ्या गळ्यातून तो घोट उतरताना मला दिसला, शपथेवर सांगते. शेजारी सासूबाईंनी पूजाचा हात धरला होता. ह्यांनी दुर्बीण डोळ्यांना लावलीच नाही.

परतीच्या एसटीत माझे दोन्ही खांदे असे धरले की पुण्याच्या स्टँडवर मला केस विंचरता येईनात. हात डोक्यापर्यंत जाईचना. शेवटी बाकावर बसवून ह्यांनीच माझी वेणी घातली, एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. वेणी वाकडी झाली, लोक बघत होते, आणि आम्ही दोघं पुन्हा हसत होतो. जंगल बघायला जायचं म्हणजे हात बांधून, लांबून बघायचं, असंच मी समजत आले होते. पण त्या पाणवठ्यात माझ्या हातचं काही घागरी पाणी आहे. खांदे दुखायचे थांबले तेव्हा मला थोडं वाईटच वाटलं.