आधी बादली

"आता वढून टाक हिले."

मालगुजारांनी दोरी माझ्या पायाशी फेकली. दोरी माझीच. थोड्या वेळापूर्वी याच दोरीने मी त्यांच्या गाईच्या पोटातून वासरू ओढून काढलं होतं. वासरू जिवंत. गाय मेलेली. माझा हात खांद्यापर्यंत रक्ताने भरलेला, आणि सगळं घर ओट्यावर उभं.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. "काय जी?"

"काय जी काय? नाल्यापर्यंत वढून टाक. तुया आजा आमच्याच घरची ढोरं वढे. तुले का नवं हाय?"

पुतण्या हसला. "सरकारी हाय ना आता, काकाजी. भत्ता मांगंन."

मग सगळेच हसले.

मी सरकारी पशु दवाखान्यात सहायक आहे. बालाघाट जिल्ह्यातली, कटंगीच्या बाजूची गावं माझ्याकडे होती. लस टोचायची, जखमा बांधायच्या, अडलेली जनावरं सोडवायची. कामाला माझी शिस्त आहे. दोरी वापरली की उकळायची, सावलीत वाळवायची, पिशवीत सगळ्यात वर ठेवायची. अडल्या गाईसमोर पिशवी उपसत बसायला वेळ नसतो.

त्या दिवशी वेळ आधीच गेला होता. गाय पहाटेपासून अडलेली, मला फोन दुपारी. मधे त्यांनी इतरांना फोन लावून पाहिले. कुणीच मिळेना, तेव्हा मी. "मांगच्या फाटकातून ये," एवढं मात्र आठवणीने सांगितलं. गाईला हात घालण्याआधी हात धुवायला गड्याने वरून पाणी ओतलं. बादलीला हात लावू दिला नाही.

म्हणजे माझा हात त्यांच्या गाईच्या पोटात चालतो, बादलीत चालत नाही. हे मला नवं नव्हतं. जनावराला जात नसते, असं स्वतःला सांगत मी हे वर्षानुवर्षं गिळत आले होते.

मी दोरी उचलेना, तेव्हा मालगुजारांनी माझ्या साहेबांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून लांबूनच धरला.

"मैडम, बड़े लोग हैं. थोड़ा एडजस्ट कर लो ना. ऊपर बात गई तो मैं नहीं बचा पाऊँगा."

घरी नवरा अंथरुणावर. मुलगी बालाघाटला शिकते. पगार एकच. सगळं डोक्यात एकाखाली एक उभं राहिलं.

आणि मी वाकले. दोरी उचलली. मेलेल्या गाईच्या मागच्या पायांना फास घातला.

"वढ!" ओट्यावरून आवाज आला.

हात थांबला. फास तोच होता, वासराच्या पायांना घातलेला. शब्दही तोच. वासराचे पाय हाती लागले तेव्हा मीच गड्याला ओरडले होते, "वढ!"

आजाच्या वाट्याला हा शब्द मेलेल्या ढोरासाठी आला होता. एक दिवस त्याने गावासमोर सांगून ओढणं सोडलं. विहीर बंद झाली, मजुरी बंद झाली. घराने मोहफुलं उकडून खाल्ली, पण आजाने पुन्हा ढोर ओढलं नाही. तोच शब्द मी शिकून जित्या जनावरासाठी मिळवला होता. आणि आता परत करायला निघाले होते.

मी फास सोडला.

"नाही वढत."

"काहून?"

"माह्यं काम पोटातलं काढाचं हाय. मेलेलं ढोर तुमचं. तुमीच वढा."

मालगुजार ओट्याच्या कडेला आले.

"तुई नौकरी खाईन मी, बाई."

"खा जी. पण आधी वासराले पिऊ द्या."

पहिला चीक पोटात गेल्याशिवाय वासरू तगत नाही. गाय अजून गरम होती. मी भांडं मागितलं. कुणी हललं नाही. माझा हात लागला की भांडं कायमचं गेलं ना. मग मी पिशवीतून माझा जेवणाचा डबा काढला. पोळ्या कागदावर ठेवल्या. डबा माझ्या बाटलीतल्या पाण्याने धुतला. मेलेल्या गाईच्या सडांतून चीक काढला आणि बोटं बुडवून वासराच्या तोंडात दिली. ते चोखायला लागलं.

त्या घरातला पहिला जीव माझ्या डब्यातलं प्याला.

"अवो, बाटवलं ना वासरू!" मालगुजारीण ओरडली.

तक्रार गेली. बदली झाली, जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, मलाजखंडच्याही पलीकडे. नवऱ्याला सोबत आणलं. त्याला दिवसा पाणी द्यायला नवी शेजारीण येते, आली तर. माझ्या बाजूने कुणी बोललं नाही. ते वासरू जगलं की नाही, माहीत नाही.

नव्या गावातला पहिलाच गोठा. गाय अडलेली, डोळे फिरवत होती. माझी जात माझ्याआधीच पोचली होती. गड्याने वरून पाणी ओतायला लोटा उचलला.

"लोटा ठेव. बादली आण."

मालक कळवळला. "गाय मर रही है, मैडम! ये कोई टाइम है?"

"हाँ. यही टाइम है."

गाय हंबरली. मी जागची हलले नाही.

बादली आली. मी कोपरापर्यंत हात बुडवला. मगच दोरी काढली.

यापुढे क्रम हाच. आधी बादली. मग गाय.