ट्रेमधली आळणी

संपतराव बोटीवरची नोकरी संपवून कायमचे वाघोलीला आले, तेव्हा आनंदीला वाटलं होतं, आता सोबत होईल. पण ते सोबतीला नव्हे, स्वयंपाकालाच आले.

उभा जन्म त्यांनी ग्रीक मालकांच्या मालवाहू बोटींवर कुक म्हणून काढला. घरी यायचे ते पाहुण्यासारखे. शेतजमीन बिल्डरकडे गेली, उरल्या तुकड्यावर बंगला उठला, सासूसासरे गेले, एकुलत्या वैष्णवीचं लग्न झालं. सगळं आनंदीनं निभावलं. घरातला झारा कुठल्या खिळ्याला असतो हे तिच्याशिवाय कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं.

आल्याआल्या त्यांनी रिकाम्या गोठ्यात विटामातीची भट्टी बांधली. एकदा बोट दुरुस्तीला लागली म्हणून त्यांना ग्रीसमध्ये बंदराच्या गावी बरेच दिवस राहावं लागलं होतं. कप्तानाच्या बहिणीच्या घरी जेवण असायचं. आपल्याकडे दिवाळीत बायका नानकटाईचं सामान घेऊन बेकरीत जातात, तशा तिकडच्या जुन्या बायका रविवारी मटणाचा ट्रे भरून कोपऱ्यावरच्या बेकरीत द्यायच्या आणि प्रार्थनेहून येताना भाजलेला घेऊन जायच्या.

"तिथं बाई चुलीम्होरं उभी राहत न्हाई," संपतराव सांगायचे.

"मग काय करती?"

"बसून गप्पा मारती."

"कुणाशी? नवरा तर बोटीवर."

यावर ते भट्टीत लाकूड सारायचे.

दर रविवारी काहीतरी भाजलं जायचं. कधी वांगी, दुधी, बटाटे तेलात घोळून, कधी पोटात भात भरलेले टोमॅटो, कधी कांद्याटोमॅटोच्या चकत्यांखाली झोपवलेला अख्खा रोहू. तिकडच्या रानपाल्याचा वास यावा म्हणून ते कुंडीतल्या ओव्याची पानं चुरून घालायचे. टोमॅटो आनंदीला आवडले होते. तसं तिनं कुणाला सांगितलं नाही.

पण आखाड ही वेगळी गोष्ट होती. श्रावण लागायच्या आत लेक-जावयाला आणि व्याह्यांना मटणाचं जेवण घालायचं, ही रीत. आणि व्याही म्हणजे लोणी काळभोरचे रावसाहेब. वैष्णवीच्या हळदीच्या जेवणात त्यांच्या पंगतीला रस्सा कमी पडला होता. तेव्हापासून वाघोलीचं नाव निघालं की ते म्हणायचे, "सोयरीक चांगली हाय, रस्सा तेवढा बेताचा." हे ते सुनेसमोर म्हणायचे, ती भाकरी वाढत असताना. वैष्णवी फोनवर हसून सांगायची, पण प्रत्येक वेळी सांगायची. यंदा रस्सा उतू गेला पाहिजे आणि ते बोलणं मिटलं पाहिजे, एवढंच आनंदीनं मनाशी धरलं होतं.

रविवारी सकाळी संपतराव दोन अख्ख्या रानी, म्हणजे बोकडाच्या मांड्या, घेऊन आले.

"रश्श्याचं मटण कुठंय?"

"रस्सा न्हाई करायचा. खाली बटाटं, वर रान. लिंबू, तेल, लसूण."

"तुमच्या कप्तानाची बहीण येणार हाय का जेवायला? परत जा आन् मटण आणा."

"आखाडातला शेवटचा रविवार हाय. रांग बघितली का? दुकानात आता सुरीच उरली असंल."

त्यांनी रानींना चिरा देऊन लसूण खोचला, लिंबं पिळली, ट्रेच्या कोपऱ्यातून हळूच पाणी सोडलं, वर चंदेरी कागद लावला आणि भट्टीचं तोंड पत्र्यानं झाकलं. मग पाहुण्यांना आणायला हायवेवर गेले; नव्या सोसायट्यांमुळे घराचा रस्ता कुणाला सापडत नसे.

आनंदीनं बऱ्याच वेळानं पत्रा सरकवला. कागदाखाली ट्रेभर पाणी खदखदत होतं. वर चरबीचे डोळे, मटणाचा सगळा उतारा. ती बघतच राहिली. ही तर आळणी. ज्या पाण्याचा रस्सा होतो तेच पाणी हा माणूस आटवून टाकणार होता, बटाट्यांसाठी.

तिनं कागद काढून पळीनं सगळं पातेल्यात उपसलं आणि पत्रा परत लावला. कांदाखोबऱ्याचं वाटण भाजलं, काळा मसाला घातला, रस्सा दाट व्हावा आणि वाढावा म्हणून भाजल्या धान्याचं येसर लावलं, आणि गरम पाणी ओतत गेली. चाखला तर आंबट. तिनं गुळाचा खडा टाकला आणि पातेलं झाकलं.

संपतरावांनी पाहुण्यांसमोर भट्टी उघडली तेव्हा रानींना वरून रंग आला होता, पण बटाटे खाली करपून ट्रेला चिकटले होते. त्यांनी उलथनं घातलं, थांबले, आणि आनंदीकडे बघितलं. ती भाकऱ्या मोजल्यासारखं करत होती. मग ते रानी कापायला लागले. बोटीवर कप्तानाच्या टेबलाशी काही बिघडलं तरी गप्प राहायची सवय होती.

पंगत बसली. जावई रविराज संपतरावांना म्हणाला, "पप्पा, एकदम रेस्टॉरंटसारखं." रावसाहेबांनी भाजल्या मटणाचा एक तुकडा चावला, बराच वेळ चावला, आणि ताटाच्या कडेला भाकरी चुरायला घेतली.

"विहीणबाई, रस्सा हाय का, का यंदाबी बेताचाच?"

आनंदीनं पातेलंच आणून ठेवलं. वैष्णवीनं वाढला. रावसाहेबांनी भुरका मारला, थांबले, भुवया वर गेल्या.

"आंबट हाय."

वैष्णवीच्या हातातली पळी तशीच राहिली.

"वाढ की अजून, बघत काय बसलीस?"

त्यांनी पुन्हा घेतला, भाकरी संपल्यावर वाटीनं प्यायले. पातेल्यात तरीही उरलाच. हात धुताना ते संपतरावांना म्हणाले, "व्याही, बटाटं जाळलं तुम्ही. रस्सा मात्र पुरून उरला."

पुढच्या आठवड्यात वैष्णवीचा फोन आला. सासरे आता सगळ्यांना वाघोलीच्या जळक्या बटाट्यांची गोष्ट सांगतात म्हणाली. या वेळी ती खरंच हसत होती. आनंदीनं ते संपतरावांना जसंच्या तसं सांगितलं.

श्रावण सरल्यावर संपतरावांनी पहिली रान आणली. बटाटे मांडले, कोपऱ्यातून पाणी सोडलं. मग आत जाऊन मोठा तांब्या भरून आणला आणि तोही ओतला.

"हे तुझं," ते म्हणाले. "खालचं माझ्या बटाट्यांचं. त्याला हात लावू नको."

"बघू," आनंदी म्हणाली, आणि येसराचा डबा काढायला आत गेली.