कातळावरून पाठवलेले सूर्यास्त

रत्नागिरीला बदली झाली तेव्हा मी एक्केचाळीस वर्षांची होते आणि समुद्र कधी पाहिलेला नव्हता. नवऱ्याला सोबत येणं शक्य नव्हतं. वरूडची संत्र्याची बाग सोडून तो कुठे येणार?

ऑफिस सुटलं की मी गावाबाहेरच्या कातळावर जाऊन बसायची. काळा, धारदार दगड, खाली फुटणाऱ्या लाटा. तिथून सूर्याचे फोटो काढून त्याला पाठवायची. वरूडला सूर्य वीसेक मिनिटं आधी मावळतो. बागेतून त्याचा फोन यायचा, "आमचा गेला." मग माझ्याकडचा सूर्य कुठवर आला, ते मी त्याला सांगत राहायची. घरी असताना आम्ही इतकं कधी बोललो नव्हतो.

एका संध्याकाळी जरा बरा फोटो मिळावा म्हणून मी खालच्या दगडावर उतरले. तिथं शेवाळ होतं. पाय मुरगळला आणि फोन दगडांच्या फटीतून थेट पाण्यात गेला. दगडांवरचे शिंपले, कालवं काढायला आलेल्या दोन बायांनी मला धरून वर आणलं, रिक्षात बसवलं. नवऱ्याचा नंबर मला पाठ नव्हता. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या कागदांतून तो शोधला आणि घरमालकिणीच्या फोनवरून लावला.

"मी बडनेऱ्याले हाव," तो म्हणाला. "गाडीची वाट पाहून राहिलो."

नुसता पाय मुरगळलाय, येऊ नका, असं मी परोपरीनं सांगितलं. संत्र्याचा तोडा सुरू होता. तो धाकट्या भावावर सोपवून हा निघाला होता, फक्त एका संध्याकाळी फोटो आला नाही म्हणून.

तो आला त्या दिवशीच आम्ही कातळावर गेलो. माझा हात धरून तो सावकाश चालत होता. समुद्र पाहून काहीतरी बोलेल असं वाटलं होतं, पण तो माझा पाय कुठे पडतोय तेच पाहत होता. सूर्य टेकला तसा मी नवऱ्याचाच फोन घेऊन सूर्याचा फोटो काढायला लागले.

"ठेव तो फोन. बस इथं," तो म्हणाला. आणि थोड्या वेळानं, माझ्याकडे न पाहता, "इथंच बसत होती काय तू, एकटीच?"

आम्ही अंधारेपर्यंत बसलो.

दोन दिवसांनी तो परत गेला. मी आणखी आठ महिने तिथं होते. आता बदली होऊन अकोल्याला आहे, दर शनिवारी वरूडला जाते. तिथं मधूनच नवऱ्याच्या फोनवर ते पाठवलेले फोटो उघडून बघते. त्याच्या येण्याआधीच्या फोटोंत मधोमध सूर्य आहे. नंतरच्या फोटोंत सूर्य कुठेतरी कडेला गेलाय, आणि मधोमध आहे नवरा बसला होता तो दगड, रिकामा.