कॅमेऱ्यावरची टिकली

कंपनीच्या आरोग्य कार्यक्रमाची मुदत संपली आणि मी टॅब कंपनीत परत केला, तेव्हा त्याच्या कॅमेऱ्याभोवती गोंदाचा एक पुसट गोल होता. परत करण्याआधी सगळं स्वच्छ पुसायचं होतं. तेवढा गोल मी पुसला नाही.

त्या वर्षी दर बुधवारी मी भुकूमहून एसटीने मुळशीच्या आरोग्य उपकेंद्रात जायचे. इमारत सरकारची, सिस्टर सरकारच्या. टॅब, इंटरनेट आणि पडद्यावर दिसणारे शहरातले डॉक्टर कंपनीचे. मीही कंपनीचीच. माहिती भरायची, डॉक्टरांना व्हिडिओ कॉल लावायचा, फॉर्म पाठवायचा. पेशंटशी बोलायचं काम सिस्टरांचं, म्हणून तर मी ही नोकरी घेतली होती.

आता ऑफिसात बसल्यावर तिथला फिनेलचा वास आठवतो. खिडकीतून दिसणारी भातखाचरं आठवतात. सिस्टरांच्या डब्यातली अर्धी भाकरी न विचारता माझ्या डब्याच्या झाकणात पडायची, तीही.

एक मावशी दर आठवड्याला कंबरेसाठी यायच्या. खुर्ची पुढे केली तरी बसायच्या नाहीत. भिंतीला टेकून उभ्या राहायच्या आणि गोळ्या घेऊन जायच्या.

"हे कंबरेचं दुखणं न्हाई," सिस्टर एकदा म्हणाल्या. "पण मला सांगायच्या न्हाईत. मी त्यांच्या पुतण्याची बायको. तुमी विचारा मॅडम."

"मी?"

"का? तुमच्या तोंडाला कुलूप हाय व्हय?"

पुढच्या बुधवारी मावशी आल्या, तेव्हा त्यांच्या पायांना लावणीचा चिखल होता. सिस्टर मुद्दाम बाहेर जाऊन बसल्या. मी कॉल लावला. पडद्यावर डॉक्टर दिसताच मावशींनी पदर हनुवटीपर्यंत ओढला.

"ह्यो बघतोय का मला?"

"हो."

"मग आमी न्हाई बोलायचो."

मला ते लगेच कळलं. कॉलेजची दोन वर्षं ऑनलाइन गेली, तेव्हा मी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर कागदाचा तुकडा चिकटवून बसायचे. मी त्यांना ते बारीक छिद्र दाखवलं. "मावशी, हे झाकलं की त्यांना काही दिसत नाही. आपल्याला ते दिसतील."

"तुजं मराठी लई स्वच्छ हाय," त्या म्हणाल्या. "हितल्या फरशीसारकं."

मग त्या बेसिनपाशी गेल्या. आरशाला सिस्टरांची एक टिकली चिकटवलेली होती. ती नखाने काढून त्यांनी कॅमेऱ्यावर नीट बसवली.

"हॅलो, चित्र गेलं," डॉक्टर म्हणाले.

"सर, त्यांना फक्त आवाजावर बोलायचंय," मी म्हणाले आणि उठले.

मावशींनी माझं मनगट धरलं. "तू थांब." मग पडद्याकडे रोखून बघत त्या एका दमात बोलल्या. धाकट्याच्या बाळंतपणापासून अंग बाहेर येत होतं. खाली बसलं की जास्त. लावणीच्या दिवसांत कापड बांधून उभ्या राहायच्या. धाकट्याचं आता लग्न झालं होतं.

"बरं केलंत सांगितलंत, आई," डॉक्टर म्हणाले, आणि तालुक्याच्या दवाखान्यातल्या बाईडॉक्टरांसाठी चिठ्ठी पाठवली. फॉर्ममध्ये 'व्हिडिओ झाला का?' असा रकाना होता. मी 'नाही' भरलं. त्यामुळे त्या महिन्याच्या अहवालात ती भेट धरलीच गेली नाही.

दवाखान्यात मी सोबत गेले. बाईडॉक्टरांनी तपासून गर्भपिशवी खाली उतरू नये म्हणून आत आधाराला एक रबरी कडं बसवलं. सिस्टरांनी मला काही विचारलं नाही. फक्त पुढच्या बुधवारी झाकणात अख्खी भाकरी पडली.

त्यानंतर बरेच दिवस मावशी आल्या नाहीत. मी दाराकडे बघत बसायचे. लावणी उरकल्यावर एका बुधवारी त्या आल्या. कुणी न म्हणता खुर्ची ओढून बसल्या आणि सिस्टरांना म्हणाल्या, "च्या हाय का गं?"