वेल्ह्यातल्या दोन खोल्या आणि चार विषय

आमच्या संशोधनाचे पेपर छापून यायला वर्षं लागतात. किस्से मात्र न मागता रोज येतात, आणि ते कुणी परतही पाठवत नाही! वेल्ह्यात बाजाराच्या मागं आम्ही चौघांनी मिळून दोन खोल्या घेतल्यात. देशमाने सरांचा विषय धातू आणि पदार्थ. नितीनचा गणित, बारीकशा फरकानं पुढं सगळं कसं बदलत जातं, ते तो मांडतो. फरीदा उजेडावरून संदेश पाठवते. आणि मी लोक काय काम करतात ते विचारत हिंडते. जीप एकच आहे आणि घरमालकीण हौसाबाईसुद्धा एकच. तेवढ्यावर चौघांचं भागतं.

*

हौसाबाईंनी एकदा नितीनला सरळच विचारलं, "तुमी दिसभर कागदावर काय गिरवता वो?"

नितीन खूश! त्यानं अर्धा तास समजावलं. सुरुवातीला अगदी बोटभर फरक पडतो, मग तो वाढत जातो, आणि शेवट काय होणार ते कुणालाच सांगता येत नाही.

बाईंनी तांदूळ निवडता निवडता सगळं ऐकून घेतलं. म्हणाल्या, "म्हंजे बांध बोटभर सरकला आन वीस वर्सं येकमेकांच्या लग्नाला न्हाई गेलं, तसं?"

"हो! अगदी तसंच!"

"मग त्याला आमच्यात भावकी म्हनत्यात."

पुण्याच्या सेमिनारमध्ये नितीननं हे उदाहरण दिलं. त्याच्या समीकरणांना कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, भावकीला वाजल्या.

*

देशमाने सर कोयत्याच्या धारेवर काम करतात. भोरला शंकरमामांच्या भात्यापाशी ते लांबून तापमान मोजायची गन घेऊन बसायचे.

"मामा, लोखंड बाहेर कधी काढायचं ते कसं कळतं?"

"डाळिंबाच्या दाण्यावानी रंग आला की काढायचं."

सर दर वेळी आकडा लिहून घ्यायचे. पंधरा कोयते झाले आणि आकडे जवळजवळ सारखे! सर थक्क झाले. सोळाव्याला गनची बॅटरी संपली. सर पिशवी उचकताहेत, नवी बॅटरी सापडेना.

मामा हळूच म्हणाले, "सर, तुमचं यंत्र निवलं. माजा डोळा आजून गरम हाय, लिवा तुमी!"

त्या पेपरात सरांनी आभारात नाही, सहलेखक म्हणून मामांचं नाव घातलं. वरून विचारणा झाली, 'यांची पदवी काय?' सरांनी उत्तर पाठवलं, 'लोहार.'

*

माझी फजिती किकवीला झाली. ओट्यावर बसलेल्या एका आजींना मी शेतात किती तास, घरात किती तास असं विचारत होते.

सगळं सांगून झाल्यावर आजी म्हणाल्या, "आन तू काय करतीस गं?"

"हेच. लोकांना विचारते, दिवसभर काय केलं."

"आन त्याचा पगार मिळतो?"

"मिळतो."

"आगं बया! माजी सून रोज हेच इचारती, ती बी फुकाट!"

*

फरीदाचं खांबावर बसवलेलं यंत्र दरीच्या अलीकडून पलीकडं उजेडाचा किरण पाठवायचं. तो रोज अकरा ते चार तुटायचा. धुकं नाही, पाऊस नाही. शेवटी ती पलीकडं चालत गेली, तर एका घराच्या गच्चीवर दोरी, आणि दोरीवर लुगडं!

घरातली बाई बिचारी ओशाळली. "म्याडम, काढते की लगेच. पर ऊन हितंच येतं वो."

फरीदा म्हणाली, "राहू दे, ताई. ऊन हलवता येत नाही, माझा खांब येतो."

खांब वर घ्यायला तीन दिवस गेले.

*

नितीनचा पेपर तिसऱ्यांदा परत आला तेव्हा आम्ही सगळेच घाबरलो. फेलोशिप संपत आलेली. तो पायरीवर बसला, जेवेना. 'घरी जाऊन दुकानात बसतो' म्हणाला.

हौसाबाईंनी विचारलं, "कोन गेलं का?"

"पेपर नाकारला, मावशी."

"परत लावता येतो?"

"येतो."

"मग? भाताची रोपं कुजली की आमी काय रान सोडून जातो? दुसरी टाकायची. उठा, भाकरी निवाय लागली."

तो उठला. चौथ्यांदा लावलाय. अजून उत्तर नाही.

*

सारोळ्याजवळ रस्त्याकडेला केबलची नळी टाकायला चर खणायचं काम चाललं होतं. मी फॉर्म भरत होते, फरीदा सोबत होती. बबनराव नावाचे पन्नाशीचे गृहस्थ टिकाव ठेवून समोर बसले.

"कामाचं स्वरूप?"

"चर खणतो." मग फरीदाकडं वळून म्हणाले, "ताई, ह्या नळीतनं नेमकं जातं काय वो? लाईट?"

"उजेड जातो, काका."

चेष्टा चालली की काय, म्हणून त्यांनी तिच्याकडं पाहिलं. फरीदानं पिशवीतनं काचेच्या तारेचा तुकडा काढला. झाडाच्या सावलीत एका टोकाला बारीक लाल दिवा लावला आणि दुसरं टोक त्यांच्या तळहातावर धरलं. तळहातावर लाल ठिपका! मग तिनं तार बाटलीभोवती गुंडाळली. ठिपका तिथंच.

"वाकवली तरी जातो?"

"जातो. घाटातनंसुद्धा."

बबनरावांनी दुसऱ्या तळहातावरही ठिपका घेऊन पाहिला. "बारा वर्सं खणतोय. ह्ये कुणी दावलंच न्हाई." मग त्यांनी सगळ्या टोळीला हाक मारली. एकेकानं येऊन हात पुढं केला.

आम्ही जीप सुरू केली तर बबनराव पळत आले. खिडकीला हात लावून मला म्हणाले, "ताई, त्या कागदावर माजं काय लिवलंय?"

"चर खणणे."

"ते खोडा."

"मग काय लिहू?"

त्यांनी हात लेंग्याला पुसले. "लिवा, डोंगरापल्याड उजेड पोचवतो."

मी लिहिलं. शेजारचा रकाना रिकामा होता. विचारलं, "काम कायमचं की हंगामी?"

बबनराव हसले. "हंगामी, ताई. खोटं कशाला लिवायचं?"