टॅरेंट्युलाची कात

मुलगा कॅनडाला गेला तेव्हा सगळं सामान घेऊन गेला, एक प्लास्टिकचा डबा तेवढा माझ्या गळ्यात मारला. आत टॅरेंट्युला, म्हणजे केसाळ मोठा कोळी, अजून पिल्लूच. बायको असती तर डबा आणि मी, दोघंही जिन्यात राहिलो असतो. पण ती जाऊन दोन वर्षं झाली होती, आणि इंद्रलोक कॉलनीतल्या त्या वन-बीएचकेत माझ्याशिवाय श्वास घेणारं कोणी उरलं नव्हतं.

मुलाचा फोन दर रविवारी संध्याकाळी यायचा. "बाबा, झुरळ खाल्लं का त्याने? पाणी बदललंत?" माझ्या गुडघ्यांची चौकशी नसायची, पण फोन यायचा. तेवढ्यावर माझा आठवडा निघायचा. एकदा म्हणाला, "नर असेल तर मोठा झाला की वर्ष-दीड वर्षात संपतो. मादी वीस वर्षंसुद्धा जगते. कात टाकली की तिच्यावरून कळेल." तेव्हापासून मी देवाकडे मादी मागत होतो. पोटच्या पोराच्या वेळी मुलगा मागितला होता.

एका सकाळी बघतो तर कोळी उताणा, पाय वर. संपलं, म्हटलं. गॅलरीतलं तुळशीचं पान खुडलं, गंगाजळात बुडवलं आणि चिमट्याने त्याच्या तोंडावर ठेवलं. बायकोच्या ओठांवर ठेवलं होतं तसंच. ढसाढसा रडलो, लाज कसली! तेवढ्यात त्याचा एक पाय हलला. घाबरून मुलाला फोन लावला.

"अहो बाबा, मेला नाही, कात टाकतोय! हात लावू नका त्याला!"

संध्याकाळपर्यंत कोळी कातीतून बाहेर येऊन बसला. दुसऱ्या दिवशी कात उचलली, तर वाळून चुरगळलेली. मुलाने सांगितल्याप्रमाणे कोमट पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा थेंब टाकून ती भिजवली, आणि पोटाचा भाग अगरबत्तीच्या दोन काड्यांनी स्टीलच्या ताटलीत पसरला. अख्खी दुपार गेली. आतल्या बाजूला, वरच्या दोन पांढऱ्या ठिपक्यांच्या मधोमध बारीक खिसा दिसला तर मादी. पंचांग वाचायचं भिंग लावलं. खिसा होता. फोटो काढून पाठवला.

फोन लगेच आला, रविवार नसताना. "बाबा, मादीच आहे! कन्फर्म!"

मी एकटाच हसत सुटलो. मग तो हिशोब करू लागला.

"वीस वर्षं म्हणजे... बाबा, तुम्ही आता एकाहत्तर. नंतर तिचं कोण करणार? तिथे जवळच, जेसल पार्कला माझा मित्र राहतो, त्याच्याकडे असे दहा-बारा आहेत. उद्या येऊन घेऊन जाईल."

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. त्याचं खरंच काही चुकत नव्हतं, तेच जास्त लागलं.

मित्र आला. सज्जन माणूस, चहा प्यायला, डबा घेऊन गेला. रविवारी मी फोन समोर ठेवून बसलो. आठ वाजले, साडेआठ वाजले. शेवटी न राहवून मीच लावला.

"हो बाबा, आत्ताच बोललो त्याच्याशी. मस्त आहे ती, खाल्लं पण. तुमचं काही काम होतं का?"

"नाही रे," मी म्हटलं. "काही काम नव्हतं."