झोपलेल्या बाईसमोर सासरे

सासरे आमच्याकडे अमेरिकेत, ट्रॉयला पहिल्यांदाच राहायला आले होते. एका रविवारी त्यांना म्युझियम दाखवायला नेलं. नवरा मुलीला घेऊन खाली खायला गेला आणि मी बाबांबरोबर एकोणिसाव्या शतकातल्या फ्रेंच चित्रांच्या दालनात शिरले.

एका मोठ्या चित्रासमोर ते थांबले. ओढ्याकाठी एक बाई विवस्त्र झोपलेली. शेजारच्या पाटीवर तिला वनदेवी म्हटलं होतं. मला ते पटेना. ओढा, झाडं, देवी, सगळी निमित्तं. चित्रकाराने तिला बरोबर बघणाऱ्याकडे वळवून ठेवलं होतं. बाबा जागचे हलेनात. चष्मा पुसून पुन्हा बघायला लागले, मग फोन काढून फोटो घेतला. सासूबाई जाऊन वर्षही झालं नव्हतं. शेजारचं निसर्गचित्र बघायचं नाटक करत मी त्यांच्यावर नजर ठेवून होते.

घरी आल्यावरही ते फोनवर तेच चित्र मोठं करून बघत बसले. शेवटी मी विचारलंच, "बाबा, एवढं काय आहे त्यात?"

"ही झोपलेली नाही," ते म्हणाले. "पायाची बोटं बघ कशी आवळलीत. कोणीतरी बघतंय हे तिला कळलंय. सोंग घेऊन पडलीय."

"आणि हे तुम्हाला लगेच दिसलं?"

"नाही. आधी सगळे बघतात तेच मीही बघितलं." मग म्हणाले, "तू माझ्याकडे बघत होतीस ना? मला कळत होतं."

मी ओशाळले, पण विश्वास काही बसला नाही. उत्तर फारच तयार वाटलं. पुढच्या आठवड्यात ऑफिसमधून हाफ डे घेऊन मी एकटीच गेले. बोटं खरंच आवळलेली होती. पण तिथवर पोचेपर्यंत माझी नजर तिच्या अख्ख्या अंगावरून फिरून आली होती.

मागे वळले तर एक गोरे गृहस्थ हाताची घडी घालून उभे. चित्राकडे बघत होते की माझ्याकडे, कळेना.

"ब्यूटिफुल, इजन्ट शी?" ते हसून म्हणाले.

"शी इज अवेक," मी म्हटलं.

त्यांनी चमकून चित्राकडे बघितलं आणि पुढच्या दालनात निघून गेले.

संध्याकाळी हे सांगितलं तेव्हा बाबा खूप हसले. "रविवारी पुन्हा जाऊ या का?" त्यांनी विचारलं.

मी हो म्हटलं. या वेळी मात्र नवऱ्यालाही वर यायला लावलं. तो किती वेळ थांबतो, ते मला बघायचं होतं.